दर दोन तासांनी कूस म्हणजे दोनच तासांनी?

मुग्धा_नाशिक

सासूबाई ८१ वर्षांच्या. मार्चमध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं: दर दोन तासांनी कूस बदलणे, म्हणजे पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे रात्री अकरा, एक, तीन आणि पाचला गजर होतो. दिवसा ब्यूरोच्या मावशी असतात, रात्री मी आणि नवरा आलटूनपालटून. परवा तीनच्या गजराला सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे गं, यापेक्षा मेलेलं बरं."

मग वाचत बसले. २०१३ साली नॅन्सी बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांचा नर्सिंगमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातली मिळून २७ नर्सिंग होम्स (तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपलं गल्लीतलं छोटं हॉस्पिटल नव्हे, म्हाताऱ्यांनी कायमचं राहायची जागा). ६५ च्या पुढचे ९४२ जण, सगळे बेडसोअरचा धोका असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले आणि दर २, ३ किंवा ४ तासांनी कूस बदलली. तीन आठवड्यांनी पाहिलं तर जखमा एकूण २ टक्के लोकांना, आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही.

माझं मत: दोन तासांचा नियम सोवळ्यासारखा झालाय. का पाळायचा विचारलं की "तसंच असतं" एवढंच उत्तर. म्हाताऱ्या माणसाला सलग झोप मिळू देणं ही शुश्रूषा नाही का?

निवृत्त_सिस्टर

मुग्धाताई, अभ्यास खरा आहे. पण तुम्ही तास वाचले, गादी वाचली नाहीत. त्या ९४२ जणांना दाट फोमची, दाब वाटून घेणारी गादी होती. सुरुवातीला कुणाच्याही अंगावर जखम नव्हती. कूस बदलताना कर्मचारी त्वचा कशी आहे, डायपर ओला आहे का, हे बघून लिहून ठेवत होते. तुमच्याकडे मधे खड्डा पडलेली कापसाची गादी असेल तर हा अभ्यास तुमच्या सासूबाईंवर झालेला नाही.

आणि नियमामागे कारण नाही हे मला मान्य नाही. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण बहुतेक जखमा चिघळून आणि लघवीच्या संसर्गाने जायचे. तिथे रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली आणि माणसं जगू लागली. दाब वाटून घेणारी आजची गादी तेव्हा नव्हती, म्हणून तास कमी.

आम्ही शिकलो तेव्हा पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावली की झाली बॅक केअर. डोरीन नॉर्टन या नर्सने १९६२ मध्येच इस्पितळातल्या वृद्धांचा अभ्यास करून दाखवलं होतं की खरं काम चोळण्याने नाही, दाब काढण्याने होतं. ते आमच्या वॉर्डात यायला किती वर्षं लागली, ते विचारू नका.

बाळ्या_देशावरचा

सिस्टर, मान राखून विचारतो. आमची आजी चार वर्षं अंथरुणाला होती. जुन्या लुगड्यांच्या चार पदरी गोधडीवर. आई सकाळ-संध्याकाळ अंग पुसायची, तेव्हाच काय ती कूस. एक चट्टा उठला नाही. आता कॅनडातल्या फोमवरून आम्ही आमच्या गोधडीचं ठरवायचं?

निवृत्त_सिस्टर

बाळासाहेब, आजी स्वतः थोडी हलत असणार. पाय ओढून घेत असेल, कडेला सरकत असेल. रात्री झोपेत माणूस किती वेळा हलतो ते त्यालाही कळत नाही. सगळा फरक तिथे पडतो. म्हणून तर नॉर्टनच्या मोजपट्टीत पाच गोष्टी पाहतात: तब्येत, भान, चालणं-फिरणं, अंग हलवणं आणि लघवी-संडासवर ताबा. प्रत्येकी १ ते ४ गुण, एकूण २०. १४ किंवा खाली आले की धोका. वय त्यात कुठेच नाही, बघा.

बाळ्या_देशावरचा

असेल. पण गोधडीवर अभ्यास झालेला नाही हे तुम्हीही नाकारलं नाही.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

बाळूदादांचा हा मुद्दा मला झोंबला, कारण खरा आहे. आमच्या एमएस्सी नर्सिंगच्या वर्गातले बहुतेक प्रबंध एकाच साच्याचे: अमुक विषयाचं ज्ञान आधी मोजा, पाऊण तास शिकवा, परत मोजा, ज्ञान वाढलं! वाढणारच, नुकतंच शिकवलंय. त्या ज्ञानाने एका तरी आजोबांची पाठ वाचली का, हे कुणी बघत नाही. बघायला महिनोन् महिने घरोघरी जावं लागतं, आणि प्रबंध वेळेत द्यायचा असतो.

दुसरं म्हणजे रंग. पुस्तकात बेडसोअरच्या पहिल्या टप्प्याची खूण म्हणजे दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा. सावळ्या कातडीवर तो दिसतच नाही, म्हणून पहिला टप्पा निसटतो आणि एकदम फोड दिसतो. आपल्याकडे हाताने चाचपावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड, कडक किंवा पिचपिचीत लागतं का, दुखतं का. हे आपल्या नर्सनी नाही अभ्यासायचं तर कुणी?

सडेतोड_काका

संशोधन संशोधन काय लावलंय. काय करायचं ते १९४४ पासून माहीत आहे. करणारे हात नाहीत, ही अडचण आहे. माझा भाऊ सरकारी वॉर्डात होता, रात्री चाळीस खाटांना एक सिस्टर. ती दर दोन तासांनी कूस बदलणार? गणित करून बघा: चाळीस जण, एकेकाला पाच मिनिटं, दोनशे मिनिटं. दोन तासांत मिनिटं असतात एकशेवीस! त्यात सलाइन, औषधं, नवीन ॲडमिशन वेगळंच. आणखी एक प्रबंध लिहून तिला तिसरा हात फुटणार आहे का?

एमएस्सी_दुसरं_वर्ष

काका, हात कमी असल्याने काय होतं हेसुद्धा संशोधनानेच दाखवावं लागलं. २०१४ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतली ३०० इस्पितळं घेतली. शस्त्रक्रिया झालेले, वय ५० च्या पुढचे ४,२२,७३० रुग्ण. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. "सिस्टर द्या" असं नुसतं म्हटलं तर फाईल परत येते. आकडा जोडला तर निदान कुणीतरी वाचतं.

सडेतोड_काका

वाचतं आणि फाईल परत पाठवतं. असो. आणि तुमचा युरोपही आमच्या चाळीस खाटा बघायला आला नव्हता.

(पण गरम-थंड चाचपायचं ते माहीत नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं.)

मुग्धा_नाशिक

सिस्टर, गादी कापसाचीच आहे, ओळखलंत. वर पंप लावलेली हवेची गादी घेतली होती, ती रात्रभर घरघरते म्हणून सासूबाईंनी बंद करायला लावली. मग काय करू? आणि झोपेच्या मुद्द्यावर मी अजून हटलेली नाही. रात्रीत चारदा उठवलेलं माणूस सकाळी भ्रमिष्टासारखं बोलतं, हे मी रोज बघतेय.

निवृत्त_सिस्टर

हटू नका. झोपमोडीने म्हाताऱ्यांना भ्रम होतो हे मीही वॉर्डात पाहिलंय. पण आधी एक करा. सासूबाई झोपलेल्या असताना गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात वर करून हात सरकवा. मधे बोटाच्या एका पेरापेक्षा कमी जाडी लागली तर गादी बसली आहे. मग दोन तासच, रडल्या तरी. चांगला फोम आणलात, तर तुमच्या डॉक्टरांना विचारून रात्री तीनवर जा, आणि दर सकाळी माकडहाड, खुबा, टाचा बघून वहीत लिहा. एक दिवस जरी काही वेगळं लागलं तरी परत दोनवर.

पूर्ण कुशीवर नको, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी लावून थोडंसंच कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. ओढून सरकवू नका, चादरीसकट उचला.

मुग्धा_नाशिक

हात घालून पाहिला. हाड बोटांना लागलं. आज रात्री अकरा, एक, तीन, पाच. फोम शनिवारी येतोय.

मावशींनी सर्जिकलच्या दुकानातून बसायची हवेची रिंग आणलीये, ती माकडहाडाखाली ठेवू का?

निवृत्त_सिस्टर

मुळीच नको. मधे पोकळ, पण कडेला दाब वाढतो आणि रक्त पोहोचत नाही. आणि मावशी तेल लावून लाल जागा चोळत असतील तर तेही थांबवा. त्यांना रागावू नका, आम्हीही तेच करायचो.