सल्ला हवा: घरी काडतुसं भरायला सिंगल-स्टेज प्रेस कोणता घ्यावा?

औसेकर_टेक्सास
राम राम मंडळी. गाव औसा तालुक्यात, नोकरी टेक्सासात. सध्या सुट्टीवर घरीच आहे. परत गेल्यावर तिकडं काडतुसं भरायचा प्रेस (उडालेली काडतुसं घरी परत भरायचं हातयंत्र) घ्यायचाय. रायफल .३०८, काम हरणं आणि रानडुकरं. फार काडतुसं लागत नाहीत, म्हणून प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत बरीच कामं करणारा) नको, सिंगल-स्टेजच (एका वेळी एकच काम करणारा). ली, आरसीबीएस, हॉर्नडी ही नावं ऐकलीत. बजेट मध्यम.
दुसरं असं, की घरी आजोबांपासूनची बारा बोर आहे, परवाना आता वडिलांच्या नावावर. तोच प्रेस पुढच्या खेपेला गावी आणून तिची काडतुसं भरता येतील का? डुकरं सोयाबीन काही ठेवीनात.

मांजराकाठ
दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. आणू नका. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा, काडतूस बनवायचा वेगळा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली बनवण्याचा परवाना लागतो, तो घरगुती वापरासाठी कुणाला मिळाल्याचं ऐकलंय का? आणि त्याच कायद्यात 'दारूगोळा' या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे नुसता प्रेस बॅगेत निघाला तरी लचांड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आहे, वर जन्मठेपेपर्यंत.
डुकरांचं म्हणाल तर परवान्याची बंदूक असली तरी वनखात्याची परवानगी लागतेच. पीक गेलं असेल तर पंचनामा करून भरपाईचा अर्ज टाका.

लेथवाले_तात्या
आणायचा कशाला? लातूरच्या एमआयडीसीत लेथवर असला प्रेस कुणीबी करून देईल. एक रॅम (वर-खाली सरकणारा लोखंडी दंड), एक दांडा, एक चौकट. त्यात काय एवढं.

मांजराकाठ
तात्या, काय बोलायलाव! आणणारा एकटा अडकला असता, तुम्ही बनवणाऱ्यालाबी सोबत न्यायलाव.

गोदातीर
मी नांदेडचा, बरीच वर्षं कोलोरॅडोत आहे आणि हेच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक खात्री करा, ग्रीन कार्ड आहे ना? एच-वन वगैरे तात्पुरत्या व्हिसावर तिकडं बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे, पण ती नीट वाचून घ्या. स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायचा धंदा करायचा म्हटला की लागतो.

आता प्रेस. .३०८ साठी ओतीव लोखंडाचा, बंद चौकटीचा घ्या, ज्याला तिकडं ओ-फ्रेम म्हणतात. सी-फ्रेम एका बाजूनं उघडा असतो, हात घालायला सोपा, पण जोर लावला की किंचित फाकतो. सगळा जोर लागतो तो उडालेली पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून परत मापात आणताना. टोपी (बारूद पेटवणारा प्रायमर) बसवणं, गोळी बसवणं ही त्यामानानं हलकी कामं. चौकट लवली तर पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) कधी इतका मागं जातो, कधी तितका, आणि मग काडतूस चेंबरमध्ये (बंदुकीतल्या काडतुसाच्या जागेत) एकसारखं बसत नाही.

माझ्या मते तुम्हाला दोनच नावं पुरेत. आरसीबीएस रॉक चकर आणि ली क्लासिक कास्ट. रॉक चकर दणकट, जुनाही मिळतो. क्लासिक कास्ट स्वस्त, आणि त्याची एक गोष्ट मला फार आवडते. निघालेली जुनी टोपी पोकळ रॅममधून खाली नळीत जाते. रॉक चकरमध्ये ती पुढच्या ट्रेत पडते, म्हणजे पडायला हवी, पण काही टोप्या हमखास फरशीवर सापडतात. त्यात शिशाची राख असते, घरात लहान लेकरं असतील तर हा फरक मोठा आहे. ली चॅलेंजर ॲल्युमिनियमचा, पिस्तुलाच्या काडतुसांना ठीक. फॉर्स्टर को-ॲक्स उत्तमच, डाय नुसती सरकवायची, पण खिसा बराच हलका होईल.

डायची काळजी नको, ७/८-१४ आटे सगळ्या कंपन्यांना चालतात. शेल होल्डर (रॅमवर पुंगळीची कडा धरून ठेवणारा तुकडा) मात्र .३०८ चा मागा.

आणि प्रेसवर उधळून तराजूत काटकसर करू नका. बारूद ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलीग्रॅम. किती घालायची ते छापील मॅन्युअलमधूनच, कुणाच्या कॉमेंटवरून नाही.

औसेकर_टेक्सास
ग्रीन कार्ड आहे. गावी आणायचा विषय संपला, वडीलही हेच म्हणाले. पण तिकडं मित्राची बारा बोर आहे, तिला हाच प्रेस चालेल?

गोदातीर
नाही. छर्‍याच्या काडतुसाला वेगळं यंत्र. मेकचा ६०० ज्युनियर बघा, तोही सिंगल-स्टेजच, एक काडतूस हातानं एकेका ठाण्यावर फिरवत न्यायचं. पण मित्राची काडतुसं मित्रालाच भरू द्या.

लेथवाले_तात्या
बरं, बनवायचं सोडलं. जुना रॉक चकर घेतला तर तपासायचं काय, एवढं तर सांगू द्या. रॅम पूर्ण वर न्या, दोन बोटांनी धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर भोक झिजलंय, सोडून द्या. दांड्याच्या सांध्यातल्या पिना बघा. वरचा गंज घासून निघतो, रॅमवर खड्डे पडले असतील तर नाही. आणि टेबलाला लाकडी स्क्रू नकोत, आरपार बोल्ट, खालून लोखंडी पट्टी.

गोदातीर
तात्या बरोबर. त्यात भर म्हणजे पुंगळीला वंगण. कमी पडलं की पुंगळी डायमध्ये अशी अडकते की दांडा ओढला तर तिची कडाच तुटून येते. जास्त झालं की खांद्यावर खळगे पडतात. बोटाला पुसटसं घेऊन अंगाला फिरवायचं, खांद्याला लावायचं नाही.
अन् पुढच्या वेळी गावी निघताना शिकारीची बॅग घरीच ठेवा. तळाशी राहिलेल्या एका पुंगळीपायी मुंबई विमानतळावर जबाब देत बसाल.

औसेकर_टेक्सास
क्लासिक कास्टच घेतो. घरी दोन वर्षांचं लेकरू आहे. डाय लीचीच घेऊ की रेडिंगची?

गोदातीर
शिकारीला लीची पुरते. वाचलेले पैसे तराजूत घाला.