बोंडं मोजून शतमानाचे गुण द्यावेत का?

सहावीची शिक्षिका, राळेगाव तालुका
दिवाळीनंतर शतमानाची घटक चाचणी घेतली. २० पैकी ३ म्हणजे किती टक्के, हे बहुतेकांनी बरोबर काढलं. मग शाळेला लागून असलेल्या वावरात काम दिलं. पऱ्हाटीची (कपाशीची) २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, गुलाबी अळीनं किडलेली मोजायची, टक्के काढायचे आणि फवारणीची वेळ आली का ते मालकांना सांगायचं. १० टक्के बोंडं किडली की उपाय करावा, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

एका मुलीनं सगळी बोंडं धुऱ्याकाठची, म्हणजे बांधाजवळची तोडली. एक किडकं निघालं. ५ टक्के, "फवारू नका काका." मालक म्हणाले, "बाई, मधातल्या वळीचं काय?" ती गेली, वावरभर फिरून दुसरी २० घेऊन आली. तीन बोंडांत अळी, १५ टक्के. दोन्ही कागद माझ्याजवळ आहेत. गणित दोन्हीकडे अचूक, पण पहिल्या कागदाच्या भरवशावर मालकांचं पीक गेलं असतं. लेखी चाचणीत ही चूक मला कधीच दिसली नसती.

२०१० च्या शासन निर्णयात सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात होणारं मूल्यमापन) ५०, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ५० असा भारांश आहे. त्या आकारिकात आपण पुन्हा छोटा पेपरच घेतो, नाहीतर तक्ते रंगवून घेतो. गुण अशा कामावर द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. मी चार गोष्टी पाहिल्या: बोंडं कुठून निवडली, नोंद, हिशोब, आणि शेतकऱ्याला कळेल असं सांगणं. मुलांना त्या आधीच फळ्यावर लिहून दिल्या होत्या.

गणित शिक्षक, आर्वी
मॅडम, काम सुंदर आहे. गुणांना माझा विरोध आहे. माझ्या वर्गात ३८ मुलं. "शेतकऱ्याला कळेल असं" याला तुम्ही ४ द्याल, मी २ देईन. पेपर तपासताना निदान पोरगं कोणाचं ते डोळ्यासमोर नसतं. आणि पुढं शिष्यवृत्ती आणि आठवीला वार्षिक परीक्षा, दोन्ही लेखी. तिथं बोंडं कामाची नाहीत.

पालक, कळंब तालुका
मॅडम, राग नोका मानू. मी पोराले शाळेत टाकलं ते वावरातून भाईर निघावं म्हनून. तुमी त्याले पुन्हा वावरातच नेता? अन् २०१७ मधी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या इषानं मानसं मेली. फवारलेली बोंडं पोट्ट्यायच्या हातात देता कामा नये.

सहावीची शिक्षिका
दादा, फवारणीचं बरोबर बोललात. मालकांना विचारून, न फवारलेल्या पट्ट्यातूनच बोंडं घेतली, नंतर साबणानं हात धुवून घेतले. पण हे आधीच लिहायला हवं होतं. वावरात नेलं ते शेती शिकवायला नाही. नमुना चुकला तर अचूक हिशोबही फसवतो, हे पुढं बँकेत गेलेल्या पोरालाही लागेल.

निवृत्त शिक्षिका, वर्धा
दादांचा आक्षेप जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली, तेव्हाही लोक हेच म्हणाले, की गरिबाच्या पोराला चरख्याशीच बांधता. म्हणून माझी सूचना अशी की काम एकच ठेवू नका. ज्यांना वावर नाही, त्यांच्या घरी वेचणीचा हिशोब असतो: रोजचे किलो, किलोमागची मजुरी, उचल वजा. मजुराच्या मुलीला तो मांडू द्या आणि आईला समजावू द्या.

गणित शिक्षक, आर्वी
वेचणीच्या हिशोबावर मला आक्षेप नाही, तो वर्गातच होतो. पण गुणांचा प्रश्न तसाच राहतो. मॅडम, त्या मुलीचे दोन्ही कागद नाव झाकून पाठवा. मी आणि आमच्या केंद्रातले दोन शिक्षक वेगवेगळे तपासतो. तिघांचे गुण जवळपास आले, तर पुढच्या सत्रात माझ्या वर्गात करून बघीन.

सहावीची शिक्षिका
आज संध्याकाळी पाठवते.