पद्मिनीला मोठा कार्ब लावण्याआधी इंजिनाचा दम बघा

१०८९ सीसी प्रीमियर पद्मिनी गाडीला मोठा कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) आणि हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) लावायचा तुमचा बेत छान आहे. या चर्चेत वर कुणीतरी आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) बघायला सांगितलंय, ते अगदी बरोबर. फक्त ते नीट बघा, कारण घाईत घेतलेलं रीडिंग फसवतं.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून इंजिन गरम करा. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. एकेका प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारताना कुणालातरी एक्सलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा. हे बरेच मेकॅनिक करत नाहीत, मग चांगलं इंजिनही कमजोर दिसतं. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, ते महत्त्वाचं. एखादा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलाय, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर हेड गास्केटवर (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगवर) संशय घ्या.

ऑइल प्रेशरही मेकॅनिकल गेज जोडून, इंजिन चांगलं तापल्यावर बघा. थंड इंजिनात जाड ऑइल सगळं झाकतं. प्रेशर कमी येऊन बेअरिंग सैल निघाले तर माझं स्पष्ट मत, कार्बचे पैसे आधी तिथे घाला. प्लग काढलेच आहेत तर त्यांचे रंगही बघा आणि आकड्यांसकट इथे फोटो टाका.