मदत हवी आहे: ‘द कीज ऑफ द किंगडम’ सबटायटल्ससह कुठे मिळेल?

ग्रेगरी पेकचा १९४४ सालचा हा कृष्णधवल सिनेमा बाबांना दाखवायचाय. चीनमध्ये मिशनरी म्हणून गेलेल्या फादर चिझम यांची गोष्ट, ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबरीवरची. मला तुकडेच सापडले, तेही खरखरीत आवाजाचे. बाबांना ते इंग्रजी झेपत नाही (खरं तर मलाही). त्यात नास्तिक डॉक्टर मित्र मृत्यूशय्येवर असतानाही फादर त्याच्या गळी देव उतरवत नाहीत. तो प्रसंग सबटायटल्सशिवाय वायाच जाईल! डीव्हीडी चालेल, भाड्याने ऑनलाइन मिळाला तरी चालेल, पायरेटेड लिंक मात्र नको. आणि कुणी कादंबरी वाचली असेल तर सांगा, आधी ती वाचावी की थेट सिनेमाच पाहावा?