मदत हवी आहे: एक कार्बन जातो कुठे?

आळशी_अभ्यासू: उद्या सकाळी सेमिनार आहे, झटपट सांगा प्लीज. मेदाम्लाच्या बीटा ऑक्सिडेशनचा, म्हणजे साखळी तुकड्या-तुकड्याने तोडण्याचा, हिशोब केला. 3 प्रोपिओनिल-कोए (प्रत्येकी 3 कार्बन), 3 असिटिल-कोए (प्रत्येकी 2), शेवटी 1 आयसोब्युटिरिल-कोए (4); कोए म्हणजे कोएन्झाइम ए, ते मोजलं नाही. बेरीज 19. आम्ल 20 कार्बनचं. डोकं फिरलंय.

रसायनकाका: आम्ल कोणतं ते सांगाल का? 20 कार्बनची ढीगभर आहेत.

आळशी_अभ्यासू: फांद्यावालं हो, दिसतंयच की! फायटॅनिक.

सुदृढ_शरीर: रोज दोन चमचे जवस खा, ओमेगा-3 मिळेल. आमच्या घरी सगळे खातात.

रसायनकाका: मग थेट बीटा सुरूच होत नाही. तिसऱ्या कार्बनवर मिथाइलची फांदी बसलीय, बीटाला तिथेच कीटो गट (C=O) लागतो, त्याला जागा नाही. आधी पेरॉक्सिझोममध्ये (पेशीतली एक छोटी पिशवी) अल्फा ऑक्सिडेशन. कोए जोडला की हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कार्बनवर ओएच बसवतं, त्याला लोह आणि 2-ऑक्सोग्लुटारेट लागतं. मग लायेज हे दुसरं विकर पहिला कार्बन फॉर्मिल-कोए म्हणून तोडतं. त्याचं फॉर्मिक आम्ल, पुढे कार्बन डायऑक्साइड. उरतं 19 कार्बनचं प्रिस्टॅनिक. सापडला का तुमचा कार्बन?

लॅबवाली_मावशी: काका, एएमएसीआर राहिलं, रेणूचं आरशातलं रूप पालटणारं विकर. प्रिस्टॅनॉइल-कोएचं आर रूप बदलून एस झाल्याशिवाय तिथलं ऑक्सिडेज त्याला हात लावत नाही. शिवाय पेरॉक्सिझोममध्ये बीटाच्या तीनच फेऱ्या. उरलेला 11 कार्बनचा तुकडा कार्निटिन या वाहक रेणूवर बसून मायटोकॉन्ड्रियात जातो.

रसायनकाका: त्यांनी कार्बन विचारलाय, मावशी.

लॅबवाली_मावशी: परीक्षक एएमएसीआरच विचारतात, काका.

हिरवी_भाजी: हे फायटॅनिक क्लोरोफिलमधल्या फायटॉलपासून बनतं ना? मग रेफ्सम आजारात (ज्यात फायटॅनिक तुटत नाही, अंगात साठतं) पालक बंद?

लॅबवाली_मावशी: नाही. क्लोरोफिलमधून फायटॉल सोडवणं आपल्या आतड्याला जमत नाही, ते गाईगुरांच्या पोटातले जंतू करतात. म्हणून पथ्य लोणी-तुपाचं, मटणाचं, तेलकट माशांचं. कडक उपासही नको. अंगातली चरबी भराभर झडली की तिच्यात साठलेलं फायटॅनिक रक्तात उतरतं.

रांगडा_कोल्हापूरकर: मटण बंद? मग जगायचं कशाला!

सुदृढ_शरीर: म्हणूनच म्हणतो, जवस.

लॅबवाली_मावशी: जवसाचं कुणी विचारलंय?

आळशी_अभ्यासू: भांडू नका हो. 19+1 जुळलं. पण आयसोब्युटिरिलचं पुढे काय? सर एकूण प्रोपिओनिल विचारतात.

रसायनकाका: ते व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या विघटनाच्या वाटेने जातं. एक कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि आणखी एक प्रोपिओनिल-कोए मिळतं. एकूण 4.

लॅबवाली_मावशी: आणि स्लाइडवर पेरॉक्सिझोम काढा, नुसता मायटोकॉन्ड्रिया नको.