इनामगावला शेती होती, मग तिथं शहर का झालं नाही?

घोडकाठ
नमस्कार मंडळी. आमची शेती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. थोडा ऊस, थोडा कांदा, वरच्या रानात ज्वारी. पोरगी सहावीत आहे. परवा इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती: नदीचा गाळ, सुपीक जमीन, धान्य उरलं, व्यापार वाढला, नगरं झाली. सिंधू, नाईल, तैग्रिस, युफ्रेटिस. मध्येच थांबून म्हणाली, "पप्पा, नदी तर आपल्याकडं पण आहे. मग आपलं मोहेंजोदडो कुठंय?"

इनामगाव आमच्या तालुक्यातच आहे. डेक्कन कॉलेजवाल्यांनी तिथं बरीच वर्षं खोदकाम केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, एवढं वडिलांकडून ऐकलंय. शेती एवढी जुनी, तर पुढं शहर का नाही झालं? आणि ही माणसं सिंधूकडूनच आली होती का? सोप्या भाषेत सांगा, पोरीला सांगायचंय.

वाफसा
दादा, मी इतिहासवाला नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. तेव्हा माझं उत्तर मातीतूनच येणार.

धड्यात सगळ्या नद्या एका मापानं मोजल्यात, तिथं घोळ आहे. सिंधू उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यानं आणि मग पावसानं फुगते, सपाट मैदानात पसरते, गाळ टाकते आणि ओसरते. ओसरते तेव्हा रब्बीच्या पेरणीची वेळ झालेली असते. रानात आयती ओल. गहू-जव टाकायचे आणि राखण करायची. नाईलचंही तसंच. तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर मात्र वसंतात येतो, पीक कापणीला आलेलं असताना. म्हणून इराकातल्या लोकांना पाट आणि बांध घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वर ते पाणी सतत दिल्यानं त्यांच्या जमिनीत क्षार वर आले. चोपण जमीन म्हणजे काय हे आपल्या ऊसपट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आता घोड. सह्याद्रीतून उतरते आणि खोल पात्र कापत जाते. पूर आला तर पसरण्यापेक्षा दरडच जास्त तोडते. काठाला मळईचा, म्हणजे गाळाच्या मऊ जमिनीचा पट्टा मिळतो, पण अरुंद. त्यापलीकडं भारी काळी. काळी जमीन कसदार खरी, पण ती फोडायची कशानं? पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात हातभर भेगा, आणि हरळी-कुंद्यासारखं तण एकदा शिरलं की मुळं खोलवर. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातसुद्धा असल्या रानाला सहा-आठ बैलांचा नांगर लागायचा. इनामगावच्या लोकांकडं लोखंड नव्हतंच. तांबं होतं, तेही बेताचं, बाकी दगडाची पाती. त्याच काळातल्या वाळकीच्या वस्तीत हाडाचा फाळ सापडलाय. त्यानं मळई उकरता येते, काळी फुटत नाही. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी दख्खनच्या शेतीचा संबंध लोखंडाच्या फाळाशी जोडला होता, तो मला आजही पटतो.

म्हणजे धान्य उरायचं, पण बेताचं. तरी या लोकांना कमी लेखू नका. पुराचं पाणी अडवून वळवायला त्यांनी बांध घातला, पाट काढला. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. पीकपद्धती म्हणून पाहिली तर तुमच्या पट्ट्याला अगदी शोभणारी. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, अन् जवाला पाणी गव्हापेक्षा कमी लागतं.

खापरखुणा
काका, मातीचं बरोबर आहे, पण सगळं मातीवर ढकलू नका. मी पुरातत्त्वात एमए केलंय, बरीच खापरं धुतलीत, म्हणून मध्ये बोलते.

आधी दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचं. उपखंडातली सगळ्यात जुनी शेती बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढला दिसते, इ.स.पू. ७००० च्या सुमारास. जव, गहू, वशिंडाचे बैल. सिंधूची मोठी नगरं इ.स.पू. २६०० ते १९०० या काळातली. म्हणजे तिथंसुद्धा शेती सुरू झाल्यावर शहर व्हायला चार हजारांहून जास्त वर्षं लागली! हे धड्यात एका वाक्यात उरकतात, आणि मुलांना वाटतं पेरलं की शहर उगवलं.

इनामगाव वसलं इ.स.पू. १६०० च्या आसपास. तेव्हा मोहेंजोदडो ओस पडून पिढ्या उलटल्या होत्या. पहिली वस्ती माळवा संस्कृतीची, म्हणजे माळव्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या धाटणीची, तिचे धागे नर्मदाकाठच्या नवदाटोलीकडं जातात. थेट सिंधूवरून कुणी बैलगाडी हाकत आलं असं चित्र रंगवू नका. पुढं इ.स.पू. १४०० पासून जोर्वे संस्कृती. हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं, तिथं १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. इनामगावचं काम १९६८ ते १९८३ चाललं, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारींनी केलं.

माझा मुद्दा असा. शहराला नुसतं उरलेलं धान्य पुरत नाही, गिऱ्हाईक लागतं. हडप्पाच्या, म्हणजे सिंधूच्या नगरांतल्या व्यापाऱ्यांचा माल मेसोपोटेमियापर्यंत (आजच्या इराकात) जायचा. इनामगावच्या काळात तो व्यापार आटला होता. सौराष्ट्रात बघा, तिथंही काळी जमीन आहे. राजकोट जिल्ह्यातल्या रोजडीला हडप्पाच्या काळात लोक भरडधान्यं पिकवून छान राहत होते. लोखंड त्यांच्याकडंही नव्हतं.

वाफसा
ताई, रोजडी तरी कुठं शहर होतं? गावच ना?

खापरखुणा
गावच. पण काळ्या जमिनीच्या मुलखातलं, आणि हडप्पाच्या व्यवहारात सामील असलेलं. 😀

प्रवराकाठी
इनामगाव-इनामगाव काय लावलंय? आमच्या श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद विसरलात का? १९७४ साली शेतकऱ्याला काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. सगळं मिळून साठ किलोच्या वर! गावातल्या लोकांची ऐपत आहे का ही?

खापरखुणा
विसरले नाही हो. दायमाबादला उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पाच्या उतरत्या काळाचा थर मिळालाय, आणि पुढं जोर्वे काळात ती वस्ती वीसेक हेक्टरपर्यंत पसरली. इनामगाव पाचेक हेक्टर. तेव्हा मोठं गाव तुमचंच. पण त्या मूर्ती उत्खननातल्या थरात सापडल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. त्यांच्यावरून शहर उभं करणं मला धाडसाचं वाटतं.

घोडकाठ
बापरे, एवढं लिहिलंत, आभारी आहे. त्या गावात पाटील-बिटील होता का? आणि मेलेल्या माणसाचे पाय तोडून पुरायचे म्हणतात, ते खरं का?

खापरखुणा
दोन्ही खरं. मधोमध पाच खोल्यांचं घर निघालं, शेजारी धान्याचं कोठार. त्यावरून ते गावच्या प्रमुखाचं मानतात. गावच्या पश्चिमेला कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरं. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालून पाय तोडत, लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात, तेही घराच्याच जमिनीखाली. पाय का तोडत, याला आपण भुताखेतांच्या भीतीचं कारण चिकटवतो, पण ते लिहून कुणी ठेवलेलं नाही. गंमत म्हणजे त्याच मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष मिळाला, त्याचे पाय शाबूत!

इ.स.पू. १००० नंतर मात्र चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, शेती कमी होते, शेरडं-मेंढरं आणि शिकार वाढते. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं झालेलं हवामान दिलं. ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधक बाईंनी मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून त्यावर शंका घेतलीय. मला दुष्काळाचा वाटा थोडा तरी असावा असं वाटतं. शिरूरमध्ये राहून दुष्काळ नाकारणं अवघड आहे.

घोडकाठ
पोरीला सगळं वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: मग लोखंड आल्यावर घोडकाठाला शहर झालं का?

वाफसा
शाब्बास पोरी! झालं की. जुन्नर. ते कुकडीवर आहे, आणि कुकडी तुमच्याच घोडला मिळते. सातवाहनांच्या काळात भरभराटीला आलं. लोखंडाचा फाळ आला, काळी फुटली, धान्य उरलं.

खापरखुणा
काका, जुन्नर नाणेघाटाच्या तोंडाशी आहे. कोकणातल्या बंदरांतून माल वर चढायचा तो तिथून. जुन्नर वाढलं ते घाटानं.

वाफसा
आणि घाट चढून आलेले बैल आणि व्यापारी काय खात होते, ताई?