मदत हवी आहे: तोडलेलं रान परत उभं करायचंय

मंडळी नमस्कार. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सामाईक सातबाऱ्यावरचं साधारण दहा एकर रान दर काही वर्षांनी ठेकेदाराला तोडायला दिलं जायचं. आता शेवटची तोड होऊन चार वर्षं झाली. जांभूळ, अंजनी, हिरड्याच्या खोडांना दहा-बारा फुटवे आलेत, पण मोकळ्या जागी सगळी रानमोडी (झपाट्यानं पसरणारं तण) माजलीय. शेजारची देवराई मात्र अजून गच्च आहे, तिथल्या बेहड्यावर धनेश पक्षी येतात.

दोन खड्डे खणून रातांब्याच्या (कोकमाच्या) वाळवलेल्या बिया लावल्या, एकही रुजली नाही. नंतर कळलं, त्या ताज्याच पेरायच्या असतात! असो.

विचारायचं असं, की प्रत्येक खोडावर किती फुटवे ठेवावेत? रानमोडी पावसाआधी उपटावी की फुलोऱ्याआधी? आणि खरी अडचण: सातबाऱ्यावर तेवीस नावं, निम्मे चाकरमानी मुंबईत. गावातल्या बायकांना सरपण लागतंच, त्यांना बंदी घालून चालणार नाही. वणव्यापासून राखणही त्याच करतील. रान राखायचा आणि सरपणाचा असा लेखी करार कुणी केलाय का? मसुदा असेल तर कृपया पाठवा.